ढोलीतला तवंग

हीसुद्धा ढोली रिकामी. बेडूकबाईंनी खोडातून हात बाहेर काढला आणि टॉर्च मारून आत पाहिलं. पाण्यावर तेलकट तवंग होता. आधीच्या ढोल्यांमध्ये होता तसाच.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, पण सगळे त्यांना बेडूकबाईच म्हणत. त्या शोधत होत्या तो नखाएवढा झाडबेडूक फक्त याच डोंगरावर राहतो. झाडाच्या ढोलीत पाणी साचतं, त्यातच त्याची पिल्लं वाढतात. ढोली सापडली की बाई आधी हात घालून पाणी किती खोल आहे ते बघत. आणि सापडलेली एकेक ढोली ओस पडत चालली होती. असंच चाललं तर हा बेडूक नुसता फोटोत उरेल, या धास्तीनं बाईंना घास जात नव्हता.

कुठेतरी पाणी मुरत होतं. असले दुर्मिळ जीव विकत घेणारे हौशी लोक असतात. ढोल्यांच्या जागा माहीत होत्या त्या दोघांनाच, बाईंना आणि जीपच्या ड्रायव्हरकाकांना. काकांचे हात तर सदा तेलानं माखलेले. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी काकांवर पाळत ठेवली, त्यांच्या डब्यात डोकावल्या, सीटखाली चाचपलं. सापडलं काय, तर एक पाना आणि अर्धं बिस्कीट. माणूस भलताच बेरकी दिसतो, असं बाईंनी ठरवून टाकलं.

काका जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून गुणगुणत होते. बाई तरातरा खाली आल्या.

"काका, बेडूक कुणाला विकलेत?"

काकांचं गुणगुणणं थांबलं. त्यांनी फडक्याला हात पुसले, बाईंना घेऊन झाडापर्यंत चढून गेले आणि हात ढोलीच्या तोंडाशी नेला. पंजा पेरांपाशीच अडला. तिरका करून पाहिला, दाबून पाहिला. आत जाईना.

"माझा हात यात जातच नाही, मॅडम. तुमचाच तेवढा जातो." त्यांना लागलं होतं, ते आवाजात कळत होतं.

बाई ओशाळल्या. पण मग चोर कोण, हा किडा डोक्यातून जाईना. तेवढ्यात शेजारच्या झाडाच्या ढोलीतून बेडकाचा टक्‌टक् आवाज आला. एक ढोली अजून नांदती होती. बाईंचा जीव भांड्यात पडला. आता डोळ्यांत तेल घालून ही राखायची, काही झालं तरी.

झाडाखाली डास घोंगावत होते. बाईंनी नेहमीप्रमाणे पिशवीतून डासांच्या मलमाची ट्यूब काढली, बोटांपासून कोपरापर्यंत मलम खसाखसा चोळलं आणि पाणी बघायला हात उचलला.

हात ढोलीच्या तोंडाशीच थांबला. उन्हात तो चकाकत होता, तेल चोपडल्यासारखा. आतून टक्‌टक् चालूच होतं.

"काका," बाई कशाबशा म्हणाल्या, "चोर सापडला."