सात बाय सहा

"आणि ही मुलांची खोली!" सेल्समनने हात असा पसरला, जणू पुढे फुटबॉलचं मैदान आहे.

बाकी इमारत अजून नुसता खड्डा होती. पण हा एक सॅम्पल फ्लॅट तेवढा आधीच बांधून, सजवून, सेंट मारून ठेवला होता. या खोलीत एक छोटा पलंग, उशीवर टेडी आणि एका भिंतीभर आरसा.

"ऐसपैस आहे की!" बाबा खूश झाले. बाबा बसमध्ये कंडक्टर. त्यांच्या मते जगात जागा कमी अशी कुठे नसतेच, लोक पुढे सरकत नाहीत एवढंच. "अकरा जण आरामात उभे राहतील इथे."

"कशाला उभे राहतील?" आई म्हणाली. आई कपडे शिवते. तिचा विश्वास डोळ्यांवर नाही, टेपवर. ती केव्हाच गुडघ्यांवर बसून मापं घेत होती. "सात बाय सहा. आणि काय हो, आरशातल्या अर्ध्या खोलीचा ताबा कधी मिळणार?"

सेल्समन हसला. हसण्याचाच पगार होता त्याला.

लेक मात्र मनातल्या मनात या खोलीत राहायलासुद्धा आली होती. घरी तिला एक कोपरा होता, शिलाई मशीनच्या मागे, उरलेल्या कापडांच्या पडद्याआड. पडद्याला कडी नसते. त्यामुळे भाऊ थेट आत, आई थेट आत, आणि माप द्यायला आलेल्या मावश्या तर "अगं बाई, इथे कुणी आहे होय?" असं म्हणत थेट आत.

तिने पलंगावर स्वतःला झोकून दिलं. पाय बाहेर! चांगले वीतभर.

"साडेचार फुटी पलंग," आईने टेप लावून निकाल दिला. "माणसाचा सहाचा असतो."

"आणि दार कुठंय?" लेक ताडकन उठून बसली. भिंतीत नुसती चौकट होती.

"दारं काढून ठेवलीत, ताई. दार असलं की खोली लहान वाटते."

"वाटते की होते?" असं म्हणत आईने पर्समधून शिवणाचा खडू काढला. सेल्समन "मॅडम, फरशी..." म्हणेपर्यंत तिने सहा फुटांचा खरा पलंग आखलासुद्धा. मग चौकटीपासून, कापडावर गळ्याचा आकार काढावा तशी, दार उघडण्याची गोल रेघ ओढली. रेघ थेट पलंगाच्या पोटात शिरली.

सगळे खाली बघत राहिले.

"बाहेरच्या बाजूला उघडू की," बाबा म्हणाले.

"बाहेर बाथरूमचं दार आहे. आत गेलेला माणूस आतच राहील."

"सरकतं दार लावून देऊ!" सेल्समनला सुचलं.

बाबांनी चौकटीच्या दोन्ही बाजूंची भिंत हाताने चाचपली. "सरकायला जागाच नाही," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आजवर कुणीही ऐकलं नव्हतं.

"म्हणजे पलंग नाहीतर दार," आई उठून गुडघे झटकत म्हणाली. "जाऊ दे. मी छानसा पडदा शिवते."

"मला दार हवंय."

"आणि झोपशील कुठे?"

"खाली."

"पाठ धरेल."

"धरू दे."

"रोज गादी घालायची, रोज उचलायची. तू? स्वतःचं ताट उचलत नाहीस तू!"

"आई. दार."

"तसं आत्ता तिथे दार नाहीये," सेल्समनने उगाच माहिती पुरवली.

लेक उठली. तिने तिघांनाही खोलीबाहेर काढलं. मग हवेत कमरेच्या उंचीवर काहीतरी मुठीत धरलं आणि खडूच्या रेघेवरून सावकाश लोटत आणलं. "पाय!" ती ओरडली. सेल्समनने उंबऱ्यावरचा बूट झटकन मागे घेतला. तिने टाचा उंचावून वरची कडी लावली, पाठ फिरवली आणि आत जाऊन बसली. दोन पावलांवर. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

तेवढ्यात आईला आठवलं, खोलीची उंची मोजायची राहिली. टेप घेऊन ती तरातरा निघाली, तर बाबांनी तिचं कोपर धरलं.

"अगं, वाजव आधी."

आईने बाबांकडे पाहिलं. सेल्समनकडे पाहिलं. तो चक्क बाजूला सरकून उभा होता. शेवटी तिने बोट वाकवून हवेत दोनदा आपटलं. आवाज काही येईना. तो बाबांनी तोंडाने काढला, "टक टक."

"कोण आहे?"

"मी," आई म्हणाली. मग जरा घसा साफ करून, "आत येऊ का?"

आतून उत्तर यायला बराच वेळ लागला.