हवेचा कप्पा

बँकेतून निवृत्त झालेल्या विद्याधररावांनी पुस्तकात बघून गच्चीवर प्लायवूडची होडी बांधली. रविवारी नातीला एन्नोरच्या खाडीत फिरवायचं ठरलं होतं.

नात बसणार त्या फळीखालचा, होडी तरंगती ठेवणारा हवेचा कप्पा त्यांनी कालच चहूबाजूंनी चिकटवून बंद केला होता. चिकटवलेल्या सांध्यात कुठे फट राहिली का ते बोटानं ठोकून ऐकावं, असं पुस्तकात होतं. भर दुपारी त्यांनी दोनदा ठोकलं.

आतून दोनदा वाजलं.

"घुमतंय," ते पुटपुटले.

"घुमतंय कसलं? तीनदा ठोकून बघा," कपडे वाळत घालता घालता त्यांची बायको, कौमुदी, म्हणाली.

विद्याधररावांनी बोट उचललं. ते फळीला टेकायच्या आतच आतून सावकाश तीन ठोके पडले.