झाकणावरचा चेहरा

सुरीचं टोक देवीच्या नाकापर्यंत आलं होतं. कपाळ आणि डोळे कधीच गेले होते. सून पत्र्याच्या झाकणावर फुंकर मारून रंगाचे कपचे उडवायची आणि पुन्हा खरवडायला लागायची. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. त्या परतायच्या आत काम उरकायचं होतं.

लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिच्या सामानाची झडतीच घेतली होती. उशीच्या अभ्र्यावरच्या मोराचं डोकं टाके घालून बुजवायला लावलं. साबणाच्या डबीवरच्या हसऱ्या बाईला काळी शाई फासायला लावली. "चेहरा गेला की उरतो तो नुसता रंग. मग वस्तू खुशाल वापर. मौलवीसाहेबांना विचारलंय मी," त्या म्हणाल्या होत्या. "आता या घरात तोंड फक्त मलाच उरलंय," असं म्हणून नवरा एकटाच हसला. तिला हसू आलं नाही. या बाईंच्या पसंतीला आपण कधी उतरणारच नाही, अशी धास्तीच तिने घेतली होती.

आज बटणं ठेवायला काही शोधताना सासूबाईंच्या कपाटाच्या तळाशी, रजयांखाली हा डबा सापडला. पालथा ठेवलेला, रिकामा. उलटून पाहते तर झाकणावर हाताने रंगवलेली देवी! अम्मींच्या कपाटात? तिच्या पायांखालची जमीनच सरकली. मग दिसलं, देवीच्या एका गालावरचा रंग आधीच गेला होता, आतला पत्रा चमकत होता. तिच्या जिवात जीव आला. अम्मींनीच खरवडायला घेतलं असणार. बोटं दुखतात त्यांची, सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, म्हणून राहून गेलं असणार.

दार वाजलं. सासूबाई आत आल्या. सुनेने हौसेने झाकण पुढे केलं.

"अम्मी, तुमचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं मी. आता खुशाल वापरा."

सासूबाईंनी झाकणाकडे पाहिलं आणि भिंत धरून त्या खालीच बसल्या. मग त्या फरशीवरचे रंगाचे कपचे एकेक करून पदरात वेचायला लागल्या. सून पार घाबरली.

"अम्मी, काय झालं? कुठली देवी होती ही?"

"देवी गिऱ्हाइकाची," सासूबाई कशाबशा म्हणाल्या. "माझे अब्बा डबे रंगवायचे. देवीचा चेहरा रंगवायची वेळ आली की माझ्या आईला समोर बसवायचे. हा डबा न्यायला कोणी आलंच नाही. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. मौलवीसाहेब म्हणाले, मांडून ठेवू नका, झाकून असू दे. म्हणून झाकून ठेवला."

सुनेने सुरी बाजूला ठेवली.

"पण गाल... गाल तर तुम्हीच खरवडला होता ना?"

"खरवडला नव्हता गं," सासूबाई म्हणाल्या. "लहानपणापासून त्यावरून हात फिरवत आलेय."