गुरुजींची वही

सामना जिंकल्यावर देशाच्या रग्बी संघातल्या चौदा मैत्रिणींना वल्लरीनं पंचवटीतल्या घरी जेवायला आणलं. या आडदांड खेळापायी तिचे वडील, तीर्थपुरोहित ढुंढिराज गुरुजी, वर्षभर तिच्याशी धड बोलले नव्हते. पाहुणे दिसताच गुरुजींनी सवयीनं यात्रेकरूंची वही काढली. तिच्यात प्रत्येक घराण्याचं वेगळं पान. “गाव कुठलं?” कुणी ओडिशातलं सांगितलं, कुणी बिहारमधलं, कुणी केरळातलं. एकीच्या कपाळावर बँडेज होतं. “हे काय झालं?” गुरुजींनी विचारलं. “काल सामन्यात मी खाली पडले, बाबा,” वल्लरी म्हणाली. “मला कुणी तुडवू नये म्हणून ही माझ्यावर आडवी झाली.” गुरुजींनी भराभर पानं उलटली, स्वतःच्या घराण्याचं पान काढलं, ‘कन्या’ लिहून सगळ्यांची नावं घातली आणि स्वयंपाकघराकडे पाहून ओरडले, “अगं, आपल्या पंधरा पोरी जिंकून आल्यात, पुऱ्या तळ!”