आधी एक फोन

तिसऱ्यांदाही कोडमधला बदल परत आला. अश्वजितने खुर्ची मागे ढकलली आणि वर्ध्याच्या त्या एवढ्याशा ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असा उसासा टाकला. पण आज माघार घ्यायची नाही, हे त्याने सकाळीच ठरवलं होतं.

त्यांचं सॉफ्टवेअर सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी होतं. गोळ्या संपत आल्या की ते दवाखान्याच्या वतीने गावोगाव आपोआप फोन लावायचं. रुग्णांची नावं-गावं कोड लिहिणाऱ्यांना दिसत नसत, फोन नंबर तेवढा दिसे. अश्वजितला तिथेच एक गोष्ट खुपली. एकाच नंबरावर सात रुग्ण! नोंदणी करणाऱ्याने आळस केला, हे उघड होतं. त्याने नेटका कोड लिहिला. एका नंबरावर एकच रुग्ण ठेवायचा, बाकीचे बाद.

एआय सहायक मात्र तो पुढे जाऊ देईना. टीमप्रमुख वेदश्री मॅडमने तपासणीच्या सूचना एकदाच लिहून त्याच्याकडे देऊन ठेवल्या होत्या. कोणीही कोड बदलला की तो त्याच सूचना घेऊन बसे. साहेबाचा कोड असो की नवख्याचा, त्याला सगळे सारखे. प्रत्येक वेळी तो तेच सांगत होता : ‘या बदलाने सहा रुग्णांना आठवणीचा फोन जाणं बंद होईल. रुग्ण कमी करणाऱ्याने आधी त्या नंबरावर स्वतः बोलावं.’

अश्वजित तणतणत मॅडमच्या टेबलाशी गेला. "मॅडम, ही सूचना काढून टाका ना. कोड बरोबर आहे. हे मशीन उगाच अडून बसलं."

"कोड बरोबर असेल रे," वेदश्री म्हणाली. "पण त्या सहांतला एक जरी खरा निघाला, तर त्याच्या गोळ्या चुकतील. फोन कर."

फोन! दुपारी गावी, वडनेरला आईला लावला, तोही व्यस्त. दिवाळीत हौसेने घेऊन दिलेला फोन, आणि पोराला कधी मोकळा मिळेल तर शपथ. त्यावरून मागच्याच आठवड्यात तो आईवर चिडलाही होता.

त्याने ऑफिसचा फोन पुढे ओढला. गोळ्यांची आठवण द्यायचे फोन याच नंबरावरून जात. आता दोन मिनिटांत खात्री करतो आणि मग बघतो मशीन काय म्हणतं ते, असं पुटपुटत त्याने पडद्यावर पाहून एकेक आकडा दाबला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोला जी." आवाजाला धाप लागली होती. आवाज आईचा होता.

अश्वजितने पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचले; त्याच्या मोबाइलमध्ये तो नंबर नुसता ‘आई’ म्हणून होता.

"दवाखान्याचाच फोन ना जी? आज कोणाच्या गोळ्या सरल्या, रुख्मिणीच्या का तानबाच्या? ठेवू नका बरं. आमच्या गल्लीत आणखी कोणापाशी फोन नाई, मी आत्ता बोलावून आणतो!"