थांबलेला ढग

नाटक सुरू व्हायच्या आधी मुख्याध्यापिका बाई पुढच्या महिन्याचे कार्यक्रम सांगत होत्या. पालकांच्या शर्यती, मग शाळेच्या बागेत झाडं लावायची, आईवडिलांनी जमेल तसा हातभार लावायला यायचं. मुलांच्या बुटक्या खुर्च्यांत गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आईबाप माना डोलावत होते. मुंगीच्या आईच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. ती पडद्याच्या कडेला बघत होती. तिथून मुंगीच्या ढगाच्या पोशाखाचा कापसाचा एक पांढरा कोपरा डोकावत होता. तो कापूस तिनेच रात्री चिकटवला होता. आता तो थरथरत होता, की तिलाच तसं दिसत होतं, कळायला मार्ग नव्हता.

मुंगी घरी तोंड मिटायची नाही. शाळेत मात्र वर्षभर एक शब्द नाही. वर्गाच्या बाई मायाळू होत्या, पण परवा त्यांनी सांगून टाकलं होतं, "एकच वाक्य दिलंय तिला. स्टेजवर तेवढं बोलली तर पुढच्या वर्गात घालू. नाहीतर अजून एक वर्ष इथेच राहू दे. तिच्या भल्यासाठीच म्हणतेय."

"एवढा जीव टांगणीला लावू नकोस गं," शेजारून सासूबाई म्हणाल्या. "हिचा बाप पाच वर्षांचा होईस्तोवर घुमाच होता."

"मग बोलायला लागले ना?"

"कुठे? अजून हातवाऱ्यांवरच चाललंय की त्याचं."

ते खोटं नव्हतं. नवरा बांधकामावर क्रेनला खुणा करायचा. वर केबिनमधल्या चालकाला खालचं नीट दिसत नाही, हाक पोचत नाही. हा खाली उभा राहून हातांनीच सांगणार: वर घे, वळव, पुढे ये. ओझं खाली टेकेपर्यंत त्याच्यावरची नजर काढायची नाही. घरी आल्यावर बापलेकीचा खेळही हाच. मुंगी म्हणजे क्रेनला टांगलेलं ओझं. बाबा दारात उभा राहून तिला नुसत्या खुणांवर पलंगापासून ओट्यापर्यंत न्यायचा. तळवा समोर करून हात वर केला की थांबायचं, एक पाय हवेत असला तरी. पुढची खूण मिळेपर्यंत हलायचं नाही. आई जेवायला हाका मारून थकायची, पण ओझं हलायचं नाही.

नाटक सुरू झालं. पिवळ्या कागदाचे किरण लावलेला गुटगुटीत सूर्य मधोमध येऊन उभा राहिला. मग कडेने ढग निघाला. एक पाऊल. आणखी एक.

तेवढ्यात मागचं दार करकरलं. नवरा आला होता, थेट कामावरून, केसांत सिमेंटची धूळ. त्याला मुंगी दिसली. मी पोचलोय, एवढंच तिला कळावं म्हणून त्याने हात वर केला.

ढग थांबला. एक पाय उचललेला.

"अहो, हात," आई मागे वळून, अर्धवट उठून दबक्या आवाजात म्हणाली. "हात खाली घ्या. तिला वाटलं, थांब म्हणताय."

त्याचा चेहरा उतरला. हात झटकन खाली आला, पण नुसता हात खाली येणं ही काही खूण नव्हती. मुंगी तशीच उभी. कडेने बाई "चल, चल बाळा" म्हणत होत्या. मुंगीचे डोळे बाबावर. उचललेला पाय आता लटपटत होता.

तो खुर्च्यांमधल्या वाटेने आईच्या रांगेपाशी आला. दोन्ही हात कोपरांत वाकवले, तळवे स्वतःकडे वळवले आणि सावकाश ओढायला लागला. पुढे. अजून पुढे.

"ओ उंच भाऊ, बसा की खाली," मागून कोणीतरी म्हणालं. "आमचीपण पोरं आहेत वर."

तो बसला नाही. ढग सरकत सरकत सूर्यापाशी आला. तळवा समोर. थांब. बरोब्बर जागेवर.

आता बोलायचं होतं. पण 'बोल' अशी खूण त्याच्याकडे नव्हती. कामावर ती लागतच नाही. त्याचा हात तसाच वर राहिला. या हातांना काय करावं ते सुचत नाही, हे आई पहिल्यांदाच बघत होती. शेवटी त्याने तो हळूच खाली सोडला.

सूर्याला काही दम निघाला नाही. तो आपण होऊनच बाजूला व्हायला लागला.

"थांब की," मुंगी म्हणाली. "मी अजून सांगितलंच नाही."

एकदम हशा पिकला. संपलं, आईला वाटलं, आता पोर पुन्हा मिटणार. मुंगीने ओठ आवळलेही. सूर्य मुकाट्याने परत जागेवर आला.

"सूर्या, जरा सरक," मुंगी म्हणाली. "मला जागा दे."

आवाज बारीक होता, पण मागच्या भिंतीपर्यंत आला. कडेला उभ्या बाईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

"बापावर नाही गेली, सुटलो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी नाक ओढलं.

आईने हात लांब करून नवऱ्याची बाही ओढली. "बोलली हो. बसा आता."

त्याने स्टेजवरची नजर काढली नाही.

"थांब," तो म्हणाला. "अजून खाली टेकली नाही."