पातळ रक्त

रक्त पातळ करायची गोळी कधी बंद केली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि तुळजाबाई खाटेवरची चादर सारखी करायला लागली. महाडच्या त्या दवाखान्यात खाटेच्या एका बाजूला ती उभी होती, दुसऱ्या बाजूला मुंबईहून धावत आलेला तिचा मुलगा ओंकार. खाटेवर भागोजी. उजवं अंग लुळं, तोंड एकीकडे ओढलेलं. शिवथरच्या खोऱ्यात ज्याची हाक समोरच्या डोंगरापर्यंत जायची, त्या तिच्या नवऱ्याची वाचाच गेली होती.

मग डॉक्टरीणबाईंनी ओंकारला समजावलं. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्यानंतर ठोके बिघडले होते ना, तसे ते पुढे कधीही बिघडू शकतात. माणसाला पत्ताही लागत नाही. हृदयात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकते. म्हणून तर ती गोळी होती.

हे तुळजाबाईला तेव्हाच सांगितलं होतं. पण वर्ष सरलं. भागोजी भाकरी मागून घेऊन खायला लागला, बांधावर जायला लागला. दुरुस्त होऊन आलेल्या पंपाला कुणी रोज औषध पाजतं का? मग एक दिवस गवत कापताना त्याच्या बोटाला विळा लागला. चीर एवढीशी, पण रक्त काही केल्या थांबेना. हळद भरली, फडकं बांधलं, ते भिजलं, दुसरंही भिजलं. तुळजाबाईच्या काळजाचं पाणी झालं. ज्याचं रक्तच पाण्यासारखं झालंय तो माणूस जगायचा कसा? भागोजी नको नको म्हणत होता, डॉक्टर रागावतील म्हणत होता. तिने त्याला आपल्या गळ्याची शपथ घातली. तेव्हापासून ओंकारने पाठवलेली ती गोळी फडताळातच पडून राहिली. माया आंधळी असते म्हणतात. तुळजाबाईची माया डोळे उघडे ठेवून खड्ड्यात पडली होती.

"आये, कुनी बंद केली ती गोळी? सांग ना गो." ओंकारचा आवाज चढला होता. औषधं पाठवायला तो कधी चुकला नव्हता. खरं सांगितलं तर हा पोरगा जन्मात आपलं तोंड बघणार नाही, हे तुळजाबाईला ठाऊक होतं. पण नवरा असा समोर पडलेला असताना लपवायचं तरी कुणापासून?

"ओंकार, आयक रे," तिने कशीबशी सुरुवात केली.

तेवढ्यात भागोजीचा डावा हात हलला. तो चाचपडत छातीवरच्या टाक्यांच्या वणापाशी आला आणि तिथे थापटायला लागला. ओठ वाकडे झाले, लाळ ओघळली.

"मी," भागोजी म्हणाला. "मी."

ओंकारने कपाळावर हात मारून घेतला आणि बापावर चिडून तो व्हरांड्यात निघून गेला. डॉक्टरीणबाईंना मात्र बरं वाटलं. शब्द फुटतोय म्हणजे वाचा हळूहळू परत येईल, असं त्या म्हणाल्या.

तुळजाबाईने पदराने भागोजीच्या ओठावरची लाळ पुसली. लग्न होऊन आल्यापासून हा माणूस एकदाही खोटं बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.